बघणाऱ्याची दक्षिणा

मनोरचा नाका मागे टाकून चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळले की एका इंग्रजी शब्दाचे राज्य सुरू होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड, औषधे, रसायने, पोलाद असे नाना तऱ्हेचे कारखाने आहेत. त्यांत हेल्पर असतो, ऑपरेटर असतो आणि त्यांच्या डोक्यावर सुपरवायझर असतो. हा शब्द आता मराठीच झाला आहे. मनोर-विक्रमगडच्या पाड्यांवरून पाळीला जाणारा मुलगा तो सहज उच्चारतो. परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणाऱ्या शिक्षकालाही विद्यार्थी सुपरवायझरच म्हणतात. जव्हार-मोखाड्याच्या अंगणवाड्या तपासणाऱ्या बाईंचे नाव सरकारी कागदावर पर्यवेक्षिका असले, तरी बोलण्यात त्या सुपरवायझर मॅडमच. या माणसांत समान काय आहे? ज्या कामासाठी ती जागा उभी राहिली, ते काम यांपैकी कोणीही हाताने करत नाही. मागावरचा तुटलेला धागा दुसरा जोडतो, रिअ‍ॅक्टरमध्ये पावडर दुसरा टाकतो, उत्तरपत्रिका दुसरा लिहितो, मुलाला घास दुसरी भरवते. सुपरवायझर बघतो. म्हणून कामगारांत एक प्रश्न नेहमी निघतो, कधी रागाने, कधी निव्वळ कुतूहलाने: हा करतो काय? हा प्रश्न पगारावरून निघालेला वाटतो, पण तो पगाराहून फार जुना आहे आणि आपल्या धर्मग्रंथांनी तो याच शब्दांत विचारलेला आहे. बघणे हे कर्म आहे का? असेल तर त्याचे पाप-पुण्य बघणाऱ्याला लागते का? आणि त्याच्या डोळ्यांदेखत वाईट घडले, तर तो त्या घडण्याच्या आत असतो की बाहेर?

शब्दाची घडण साधी आहे. लॅटिनमध्ये ‘सुपर’ म्हणजे वर आणि ‘विदेरे’ म्हणजे पाहणे. पंधराव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत आला. ‘विदेरे’ आणि आपला ‘विद्’ धातू एकाच मुळाचे, म्हणजे कारखान्यातला सुपरवायझर आणि ‘वेद’ हा शब्द यांचे दूरचे का होईना, गोत्र एक आहे. याच अर्थाचा अस्सल इंग्रजी घडणीचा ओव्हरसिअर हा शब्दही इंग्रजीत होता. रस्ते आणि पाटबंधारे खात्यांमुळे आपल्या आजोबांच्या पिढीला तो पाठ होता. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्लंडमध्ये मृत्युपत्रातही असा ओव्हरसिअर नेमत. इस्टेटीची वाटणी प्रत्यक्ष करणारे वेगळे, आणि ते ती नीट करतात की नाही हे पाहणारा वेगळा. शेक्सपिअरने १६१६ साली केलेल्या मृत्युपत्रातही असे दोन ओव्हरसिअर नेमलेले आहेत. पण त्याच शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ची जी प्रत १६२२ साली छापली गेली, तिच्यात यागोच्या तोंडी ‘सुपरवायझर’ हा शब्द अगदी वेगळ्या अर्थाने येतो. तिथे सुपरवायझर म्हणजे समोर चाललेले लाजिरवाणे दृश्य डोळे फाडून पाहत राहणारा निव्वळ बघ्या. एकाच काळात एकाच अर्थाच्या या दोन शब्दांत मेलेल्या माणसाच्या विश्वासाला जागणारा राखणदारही होता आणि बघ्याही होता.

हा दुटप्पीपणा त्या दोन शब्दांपुरता नाही. इंग्रजीत ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूकही. मराठीत आपण म्हणतो, ‘घरचं सगळं थोरलाच बघतो’, तेव्हा बघणे म्हणजे सांभाळणे. ऑफिसात अर्ज पुढे केल्यावर समोरचा ‘बघतो’ म्हणतो, तेव्हा बघणे म्हणजे काही न करणे. ‘लक्ष’ आणि ‘दुर्लक्ष’ यांत एका उपसर्गाचे अंतर आहे. इथे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच म्हणेल, की व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही. मुकादम हा अरबी शब्द. त्याचा अर्थ पुढे ठेवलेला, पुढे असणारा. मराठेशाहीत गावच्या पाटलाला मोकदम म्हणत. आज वीटभट्टीवर मजुरांच्या टोळ्या नेणारा मुकादम संकटात पुढे उभा राहतोच असे नाही. शब्दाचे मूळ माणसाला बांधून ठेवत नाही, हे मान्य. माझा आधार मुळांवर नाही. ज्या ज्या समाजांनी ‘बघणारा’ हे पद निर्माण केले, त्यांना त्या पदाबरोबर काय काय जोडावे लागले, या इतिहासावर तो आहे. तो इतिहास मात्र आश्चर्य वाटावे इतका एकाच दिशेने जातो.

ग्रीकांचा ‘एपिस्कोपोस’ घ्या. ‘एपि’ म्हणजे वर, आणि ‘स्कोपोस’ म्हणजे पाहणारा. हा शब्दही आपल्या ‘पश्य’चा नातलग आहे. अथेन्सच्या सत्तेखाली असलेल्या नगरांवर नजर ठेवायला इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात जे अधिकारी जात, त्यांना हे नाव होते. पुढे ख्रिस्ती मंडळ्यांनी तेच नाव आपल्या पुढाऱ्याला दिले आणि शतकानुशतके झिजत झिजत इंग्रजीत त्याचा बिशप झाला. वसईला १९९८ साली स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि तिथे बिशप आले. अक्षरशः पाहिले तर बोईसरच्या शेडमधला सुपरवायझर आणि वसईच्या वेदीवरचा बिशप यांचे पदनाम एकच आहे. धर्माला हे पद घेताना एक अट घालावी लागली, आणि तिची मुळे त्याहून जुन्या यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात सापडतात. तिथे पहारेकऱ्याविषयी नियम आहे. शत्रूची तलवार येताना पाहूनही ज्याने कर्णा फुंकला नाही, त्याच्या हलगर्जीने मेलेल्याचे रक्त त्याच्याकडून मागितले जाईल. त्याने फुंकला आणि लोकांनी ऐकले नाही, तर तो सुटला. तलवार पहारेकऱ्याने चालवलेली नाही. तरी हिशेब त्याच्याकडे आहे, कारण पाहणे हेच त्याचे काम होते.

आपल्याकडचा शब्द ‘अध्यक्ष’. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. सुपरवायझरचे जणू शब्दशः भाषांतर, फक्त कित्येक शतके आधी केलेले. आज हा शब्द सभा-संमेलनांच्या हारतुऱ्यांत अडकला आहे, पण ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात, दहाव्या मंडलाच्या १२९व्या सूक्तात, तो विश्वाच्या संदर्भात येतो. परम आकाशात या सृष्टीचा जो अध्यक्ष आहे, त्याला तरी ती कुठून झाली हे ठाऊक असेल, किंवा कदाचित नसेलही, असे म्हणून ते सूक्त थांबते. जगाच्या साहित्यात इतकी धीट शंका फार थोड्या ठिकाणी असेल. वर बसून पाहणाऱ्यालाही सारे दिसतेच असे नाही, ही शक्यता त्या ऋषीने उघडी ठेवली. गीतेच्या नवव्या अध्यायात हाच शब्द पुन्हा येतो. तिथे भगवंत स्वतःला अध्यक्ष म्हणवतात आणि त्यांच्या अध्यक्षतेखाली प्रकृती चराचर प्रसवते. करते ती प्रकृती, ते पाहतात.

आणि इथूनच, बघणाऱ्याकडेही हिशेब असतो या माझ्या म्हणण्याला सर्वांत जबरदस्त विरोध उभा राहतो, कारण भारतीय तत्त्वज्ञानाच्या मोठ्या प्रवाहाने पाहणाऱ्याला कर्मातून मुक्त केले आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाची, म्हणजे आत्म्याची, लक्षणे दिली आहेत: तो साक्षी आहे, केवल आहे, मध्यस्थ आहे, द्रष्टा आहे आणि अकर्ता आहे. द्रष्टा आणि अकर्ता हे शब्द तिथे शेजारीशेजारी बसतात, जणू पहिल्यातून दुसरा आपोआप निघतो. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. श्रेष्ठ तो पाहणारा. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात ज्ञानदेव घरात लावलेल्या दिव्याचा दृष्टान्त देतात. दिवा कोणाला काही करायला लावत नाही, कोणाला अडवत नाही, कोण काय करतो हेही जाणत नाही. तरी घरातला व्यवहार त्याच्यामुळे चालतो. विद्यारण्यांच्या पंचदशीत तर ‘नाटकदीप’ नावाचे एक पूर्ण प्रकरण आहे. रंगमंचावरचा दिवा यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी या सगळ्यांना सारखाच उजळतो आणि सगळे निघून गेल्यावरही जळत राहतो. या दृष्टान्तांतले सौंदर्य आणि सत्य मी नाकारत नाही. स्वतःच्या रागाकडे, भीतीकडे, देहाच्या दुखण्याकडे असे दिव्यासारखे पाहता येणे ही माणसाला मिळालेली फार मोठी सुटका आहे. ज्याला ती साधली त्याच्यापुढे वाद घालायला मला जागा नाही.

अडचण होते ती हा दिवा उचलून दुसरीकडे नेल्यावर. ‘आपण साक्षी, कर्ता-करविता तो’ हे वाक्य आपल्या समाजात इतके सैल झाले आहे, की आत्म्यासाठी सांगितलेले लक्षण माणूस आपल्या खुर्चीला लावतो. मुंडकातल्या दोन पक्ष्यांपैकी फळ खाणारा आणि पाहणारा हे एकाच झाडावर, एकाच देहात आहेत. त्या पाहण्यात दुसऱ्या कोणाचा जीव टांगलेला नाही. पाळीवरच्या दोन माणसांचे तसे नाही. तिथे फळ खाणारा एक देह आहे आणि पाहणारा दुसरा देह, आणि विषारी फळ ज्याच्या पोटात जाईल तो पाहणारा नव्हे. एका जीवाच्या आत जे मुक्तीचे साधन आहे, ते दोन जीवांच्या मध्ये ठेवले की त्याचा निर्दयपणा होतो. माझे हे म्हणणे परंपरेच्या बाहेरून आणलेले नाही. साक्षित्वाचा सर्वांत मोठा भाष्यकार स्वतः कोणता दृष्टान्त निवडतो ते पाहिले पाहिजे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात देहातल्या परमपुरुषाला ‘उपद्रष्टा’ म्हटले आहे, जवळ राहून पाहणारा. शंकराचार्य भाष्यात त्याला यज्ञातले उदाहरण देतात. ऋत्विज आणि यजमान कर्मात गुंतलेले असताना यज्ञविद्येत निष्णात असलेला एक जण स्वतः काही न करता बाजूला असतो आणि त्यांच्या करण्यातले गुण-दोष पाहत असतो. साक्षीचे चित्र काढायला आचार्यांना दगड किंवा आकाश सुचले नाही, एक जाणता माणूस सुचला, ज्याला चूक कुठे झाली ते कळते. आणि वैदिक यज्ञात असा माणूस खरोखरच असे. होता ऋचा म्हणे, उद्गाता साम गाई, अध्वर्यू आहुतींची सारी हालचाल सांभाळी, आणि ब्रह्मा नावाचा चौथा ऋत्विज दक्षिणेकडे गप्प बसून सगळे पाही. ऐतरेय ब्राह्मणात त्याच्याबद्दल नेमका तोच प्रश्न विचारला आहे जो बोईसरच्या शेडमध्ये विचारला जातो. अध्वर्यूला दक्षिणा मिळते, त्याने सोमाचे पेले भरले. उद्गात्याला मिळते, तो गायला. होत्याला मिळते, त्याने ऋचा म्हटल्या. ब्रह्म्याने असे काय केले म्हणून तो दक्षिणा घेतो? ग्रंथ हा प्रश्न उडवून लावत नाही. उत्तर येते की ब्रह्मा हा यज्ञाचा वैद्य आहे.

हे उत्तर छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात अधिक उलगडते. यज्ञाला दोन वाटा आहेत, मन आणि वाणी. तिघे ऋत्विज वाणीची वाट सांभाळतात, ब्रह्मा एकटा मनाची. ठरलेल्या वेळेआधी त्याने मौन मोडले तर एका पायाने चालणाऱ्या माणसासारखा किंवा एका चाकाच्या रथासारखा यज्ञ लंगडतो आणि त्याबरोबर यजमानही कोलमडतो. म्हणजे त्याचे गप्प राहणे हा आराम नव्हता. पूर्ण लक्ष द्यायचे तर तोंड बंद हवे, म्हणून तो गप्प. पण चूक झाली की तो नुसता पाहणारा राहत नाही. ऋचेत चूक झाली तर एका अग्नीत, यजुसात झाली तर दुसऱ्यात, सामात झाली तर तिसऱ्यात प्रायश्चित्ताची आहुती पडते आणि भंगलेला यज्ञ सांधला जातो. उपनिषदाने इथे कारागिरांचा दृष्टान्त दिला आहे: एक धातू दुसऱ्याने सांधावा, लाकूड लोखंडाने किंवा चामड्याने बांधावे, तसे. हे जाणणारा ब्रह्मा यज्ञाला, यजमानाला आणि सगळ्या ऋत्विजांना राखतो असे म्हणून तो भाग संपतो. ज्याच्या हातून चूक झाली त्याला दोष देऊन मोकळे व्हावे असे त्यात कुठेही नाही. मला हा सगळा भाग कामाच्या नीतीवरचा आपल्याकडचा एक अत्यंत प्रगल्भ विचार वाटतो, आणि तो केवळ कर्मकांड म्हणून बासनात पडून राहावा याचे वाईट वाटते.

तेराव्या अध्यायातल्या त्याच श्लोकात ‘उपद्रष्टा’नंतर लगेच दुसरा शब्द येतो, ‘अनुमन्ता’, म्हणजे संमती देणारा. पाहणे आणि संमती यांत मध्ये काहीच नाही. शंकराचार्य या शब्दाचे तीन अर्थ सुचवतात आणि तिसरा अर्थ अंगावर येतो: आपापल्या व्यापारात गुंतलेल्यांना जो साक्षी राहून कधीही अडवत नाही, तो अनुमन्ता. न अडवणे हीच संमती. आत्म्याच्या बाबतीत हे वैभव आहे, कारण अडवणे त्याच्या स्वरूपातच नाही. पण हाच शब्द माणसाला लावल्यावर काय होते ते मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दिसते. (ज्या अन्यायासाठी महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी या ग्रंथाची होळी झाली, तो अन्याय त्यात आहे आणि ती होळी न्याय्यच होती, पण आपल्या पूर्वजांनी शब्द कसे वापरले याची साक्ष म्हणून तो ग्रंथ उपयोगी पडतो.) पशूच्या हत्येत घातक कोण कोण, याची तिथे यादी आहे: संमती देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा आणि विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा. यादीतला पहिला शब्द ‘अनुमन्ता’. प्रत्यक्ष मारणाऱ्याच्याही आधी. पतंजलीच्या योगसूत्रातही हिंसेचे तीन प्रकार आहेत, स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदलेली. जैनांच्या आचारशास्त्राचा तर हा पायाच आहे. तेव्हा साक्षी अकर्ता असतो हा सिद्धान्त मांडणाऱ्या परंपरेनेच, माणसामाणसांतल्या व्यवहारात न अडवणाऱ्याला कर्त्यांच्या रांगेत बसवले आहे. त्या दोन विधानांत विरोध नाही. ज्याला अडवता येत नाही तो साक्षी, आणि ज्याला अडवता येत असून जो अडवत नाही तो अनुमन्ता. माणसाला हात आहे, आवाज आहे, आणि आज तर यंत्र थांबवण्याचे लाल बटणही आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. बघणे म्हणजे राखणे हे फार भाबडे आहे, इतिहासात बघणे म्हणजे दाबणे. कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांत आणि अमेरिकेच्या कापूसमळ्यांत गुलामांवर चाबूक घेऊन उभा असे, त्याचेही पदनाम ओव्हरसिअरच होते. जेरेमी बेंथमने मधोमध बसलेल्या एका डोळ्याला सगळे दिसावे अशी वर्तुळाकार इमारत कल्पिली. ती आज तुरुंगाचा नकाशा म्हणून प्रसिद्ध असली, तरी मुळात त्याचा भाऊ सॅम्युएल याला ती रशियात कामगारांवर नजर ठेवण्यासाठी सुचली होती. आणि पालघर जिल्ह्याला हे दूरचे दाखले नकोतच. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी १९४५ साली ज्या वेठीविरुद्ध आणि लग्नाच्या कर्जापायी राबणाऱ्या लग्नगड्याच्या गुलामीविरुद्ध उठाव केला, ज्याची हकिकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली, तिथेही जमीनदाराच्या माणसांची नजर पाठीवर होतीच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच बघण्याच्या धर्माचा अर्धा भाग बघण्याच्या मर्यादेत आहे असे वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण म्हणजे अध्यक्षांची जंत्री: शेतीचा सीताध्यक्ष, व्यापाराचा पण्याध्यक्ष, जहाजांचा नावध्यक्ष, गाईंचा गोध्यक्ष. त्यात सूत कातवून घेणाऱ्या सूत्राध्यक्षाला सक्त नियम आहेत. पहाटे सूत घेऊन आलेल्या बाईसमोर दिवा असेल तो फक्त सूत तपासण्यापुरता. तिच्या तोंडाकडे पाहिले किंवा कामाव्यतिरिक्त काही बोलले तर दंड. मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड. ज्ञानदेवांच्या दिव्याहून हा दिवा किती वेगळा! तो कोणाला अडवत नाही. हा पाहणाऱ्यालाच अडवतो. वस्तूवर उजेड पडला पाहिजे, माणसावर नव्हे, आणि दंड पाहणाऱ्याला आहे.

इथल्या आदिवासी धर्माकडे पाहिले तरी राखणीचा हा करार दिसतो. वारली पाड्यांच्या सीमेवर वाघोबाची लाकडी किंवा दगडी मूर्ती असते, वाघबारशीला तिची पूजा होते. लोकांनी त्याचा मान ठेवायचा, त्याने गुरावासरांना आणि माणसांना राखायचे. सीमेवर बसून जो पाहतो त्याने काही देणे लागायचे, ही समजूत कुठल्या भाष्याशिवाय त्या श्रद्धेत मुरलेली आहे. वरच्या आकाशातला अध्यक्ष कदाचित जाणत नसेल अशी शंका ऋषीला परवडते. पाड्याला परवडत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, आणि तो तत्त्वज्ञाचा नसून स्वतः सुपरवायझरचा आहे. तो म्हणेल, अडवायची सत्ता मला आहे कुठे? बहुतेक वेळा तो ठेकेदाराच्या हजेरीवर असतो. वरून उत्पादनाचा आकडा येतो, खालून माणसे कमी पडतात, यंत्र थांबवले तर उद्या त्याची जागा दुसरा घेतो. कायद्यानेही त्याला मधल्यामध्ये ठेवले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचे काम करणारा माणूस ठराविक पगाराच्या वर गेला की कामगार राहत नसे. ती मर्यादा २०१० च्या दुरुस्तीने १,६०० वरून १०,००० रुपयांवर नेली. करणारा आणि बघणारा यांच्यातली रेषा उपनिषदांना आखता आली नव्हती, ती पगाराच्या आकड्याने आखली गेली. न्यायालयांना मग वारंवार सांगावे लागले की पदनामावर जाऊ नका, हा माणूस मुख्यतः काय काम करतो ते पाहा. या माणसाला अनुमन्ता म्हणून यादीत पहिले बसवणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याच्या बाजूने आहे. पण त्या यादीत एकूण किती जण होते ते आठवावे. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीचा प्रश्न अनुत्तरित ठेवून सगळी सभा गप्प असते, तेव्हा विदुर एक जुना निवाडा सांगतो. निंद्य गोष्टीची जी सभा निंदा करत नाही, तिथे पापाचा अर्धा वाटा सभेतल्या श्रेष्ठाला जातो, पाव वाटा करणाऱ्याला आणि पाव वाटा गप्प बसलेल्या सभासदांना. हात ज्याचा, त्याच्याकडे पाव! ज्याला अडवण्याची सर्वांत जास्त सत्ता, त्याच्याकडे अर्धा. हे प्रमाण मला न्यायाचे वाटते. जबाबदारी सत्तेच्या मापाने वर चढत जाते. मधल्या सुपरवायझरची सत्ता पाव असेल तर भारही पाव. आणि त्याच्या हातातले बटण काढून घेऊन त्याला केवळ रजिस्टरवर सही करायला उभे केले असेल, तर ज्याने ते काढून घेतले त्याच्याकडे हिशेब गेला पाहिजे. पाहणाऱ्याला १६२२ सालच्या त्या बघ्याच्या अर्थावर परत नेऊन ठेवणे हेही एक कर्मच आहे, आणि त्याला कर्ता आहे.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत घातक द्रव्यांच्या हाताळणीवर देखरेख करायला शिकलेली, अनुभवी आणि सक्षम माणसे नेमण्याचे बंधन मालकावर घातले. शंकराचार्यांच्या दृष्टान्तातला ‘यज्ञविद्येत निष्णात’ हा शब्द इथे कायद्याच्या भाषेत आला. त्याच दुरुस्तीने समोर धोका दिसला तर इशारा देण्याचा हक्क कामगारालाही दिला. म्हणजे पाहणे ही वरच्याचीच मक्तेदारी राहिली नाही, यहेज्केलचा कर्णा खाली उभ्या असलेल्याच्याही हातात आला. तो किती वाजतो हा वेगळा प्रश्न आहे. बोईसर-तारापूरला स्फोटांच्या आणि वायुगळतीच्या बातम्या नव्या नाहीत. जानेवारी २०२० मधल्या स्फोटाचा आवाज आसपासच्या गावांनी ऐकला आहे. अशा प्रत्येक घटनेनंतर पहिली चौकशी कोणी व्हॉल्व्ह उघडला याची होते. कोण पाहत होते, त्याला काय दिसत होते, दिसल्यावर थांबवायचा अधिकार होता का, हे प्रश्न मागाहून येतात किंवा येतच नाहीत.

१९४८ च्या मूळ कारखाना कायद्यात छत्तिसावे कलम होते. टाकी, खड्डा, नळ, जिथे विषारी वायू साठू शकतो अशा बंदिस्त जागेत माणूस उतरायचा असेल तेव्हाचे ते कलम. तिथली हवा घातक वायूपासून मोकळी असल्याची सक्षम माणसाने लेखी हमी दिलेली नसेल, तर उतरणाऱ्याच्या तोंडाला श्वसनाचे साधन हवे आणि कमरेला पट्टा हवा. पट्ट्याला दोर घट्ट बांधलेला हवा, आणि त्या दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने धरलेले हवे. या बाहेरच्या माणसाला टाकी धुवायची नसते, गाळ उपसायचा नसतो. आत काही झाले म्हणून घाईने स्वतः उडी मारायची नसते, कारण अशा उड्यांनीच एकामागोमाग दोन-तीन माणसे गेल्याच्या घटना सगळीकडे घडतात. त्याने तोंडाशी उभे राहायचे, आत पाहत राहायचे, हाक मारत राहायचे, आणि उत्तर आले नाही तर ओढायचे. सकाळभर तो तसा उभा राहिला, आतला माणूस काम संपवून धडपणे वर आला, आणि संध्याकाळी दोघांच्या हजेरीपुढे सारखीच सही झाली, तर दोराच्या त्या टोकाशी उभे राहून याने काय केले असे आत उतरलेला माणूस विचारत नाही.